डिस्क अर्धी रिकामी होती, तरी बुकिंग बंद पडलं: डेव्हलपरला लिनक्स किती यायला हवं?

पर्वरीकर
४ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. पर्वरीत आमची सहा जणांची कंपनी आहे. कळंगुटपासून पाळोळ्यापर्यंतच्या छोट्या हॉटेलांसाठी आम्ही खोल्यांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो. मी तिथे चार वर्षं डेव्हलपर आहे. पीएचपी, एसक्यूएल, थोडं रिॲक्ट.

२८ डिसेंबरला रात्री साडेनऊला काणकोणच्या एका हॉटेलमालकांचा फोन आला. पाहुणे सामान घेऊन दारात उभे आणि आमचं पान उघडेना. पाच मिनिटांत आणखी चार फोन. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती: डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. डीएफ, म्हणजे डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड, चालवलं तर डिस्क ४१ टक्के वापरलेली. म्हणजे निम्म्याहून जास्त रिकामी.

मी एआय सहायकाला विचारलं, डिस्क भरली आहे, काय करू? त्याने सांगितलं की जुने लॉग काढ आणि पॅकेजांचा साठा रिकामा कर. दोन्ही केलं. बुकिंग सुरू झालं आणि काही मिनिटांत परत बंद. आता जुना लॉगही हाताशी नव्हता, त्यामुळे हे कधीपासून चाललंय ते कळायची वाट मीच बंद केली होती.

साडेअकराला फोंड्याच्या एका ओळखीच्या दादांना झोपेतून उठवलं. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "डीएफला आय लावून बघितलंस?" बघितलं. आयनोड १०० टक्के.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये प्रत्येक फाइलीला एक आयनोड, म्हणजे तिची माहिती ठेवणारी नोंद, लागतो, आणि एकूण आयनोड किती हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरून जातं. नेहमीच्या सेटिंगला दर १६ केबीमागे एक. आमची डिस्क ४० जीबीची, म्हणजे साधारण २६ लाख. आमच्या कोडमध्ये दोन वर्षांपूर्वी कोणीतरी सेशनच्या (पाहुण्याच्या भेटीची तात्पुरती माहिती ठेवणाऱ्या) फाइली ठेवायला वेगळं फोल्डर दिलं होतं. डेबियन या लिनक्सच्या वितरणावर पीएचपी जुन्या सेशन स्वतः साफ करत नाही. ते काम ठरावीक वेळाने चालणारी वेगळी स्क्रिप्ट करते, आणि ती फक्त कॉन्फिगरेशन फाइलीत लिहिलेल्या जागा बघते. कोडमधून बदललेली जागा तिला कधी दिसलीच नाही. दर भेटीला, दर बॉटला एक चिमुकली फाइल, दिवसाला सरासरी साडेतीन हजार, अशा दोन वर्षं साठल्या. काही बाइटांची फाइलसुद्धा ४ केबीचा ब्लॉक अडवते, तरी सगळ्या मिळून जागा व्यापली जेमतेम १० जीबी. म्हणून डिस्क रिकामी दिसत होती.

पुसायला गेलो तर आरएम ही पुसायची कमांड आणि स्टार ऐकेना, यादी फार लांब आहे म्हणून. मग फाइंडने पुसत गेलो. रात्री एक वाजता सगळं चालू झालं. तोवर हॉटेलवाल्यांनी वहीत हाताने नावं लिहून खोल्या दिल्या होत्या, आणि दोन ठिकाणी एकच खोली दोघांना गेली. लहान मुलं असलेल्या एका कुटुंबाला रात्री बारानंतर दुसरीकडे हलवावं लागलं. ते माझ्या मनातून जात नाही.

आयनोड हा शब्द मला कॉलेजात भेटला होता. आकृतीसकट पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही. पण त्या रात्री तो आठवला नाही, कारण तो माझ्या कामाशी कुठे जोडलेलाच नव्हता.

तर प्रश्न असा. आता बहुतेक गोष्टी तयार सेवांवर चालतात, कोडही एआय लिहून देतं. अशा काळात साध्या ॲप लिहिणाऱ्या डेव्हलपरला लिनक्स, नेटवर्क, मेमरी, फाइलसिस्टिम हे सगळं शिकायला हवं का? हवं तर किती? माझं मत झालंय की हवं. पण विरुद्ध मतं खरोखर ऐकायची आहेत.

सुरंगी
४ जानेवारी, रात्री १०:५८

पर्वरीकर, वाचून वाईट वाटलं. पण निष्कर्षाशी मी असहमत आहे.

तुमचा प्रश्न आयनोड माहीत नसण्याचा नव्हता. सेशन फाइलीत ठेवणं, त्या साफ कोण करणार हे न ठरवणं आणि सर्व्हरवर कसलीच देखरेख नसणं, या तीन चुका आहेत. सेशन डेटाबेसमध्ये असते तर आयनोड हा शब्द न कळताही तुमची ती रात्र शांत गेली असती.

मी मडगावहून घरून काम करते, नऊ वर्षं फ्रंटएंड. या नऊ वर्षांत सर्व्हरवर लॉगिन करायची वेळ माझ्यावर आलेली नाही. पण ब्राउझर मला आतून माहीत आहे. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा तर एका वेळेला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात माझी स्क्रिप्ट मुख्य थ्रेड अडवून बसली तर बोट फिरवणाऱ्याला पान गोठल्यासारखं वाटतं. कॅशेचे हेडर चुकले की लोकांना जुने दर दिसत राहतात. दृष्टिहीन माणसाला स्क्रीन रीडरवर फॉर्म भरता येतो की नाही, हे मी दर आठवड्याला तपासते. हेही सिस्टिमचं ज्ञानच आहे. त्याला कोणी 'खरं' ज्ञान म्हणत नाही याचा मला त्रास होतो.

आणि एक मनापासून सांगते. 'घरी जुन्या लॅपटॉपवर सर्व्हर लाव, रविवारी खेळत बस, आपोआप येईल' हा सल्ला मी पहिल्या नोकरीपासून ऐकते आहे. ज्यांचा रविवार मोकळा असतो त्यांना तो जमतो. माझ्याकडे दोन मुलं आहेत, सासूबाईंचं आजारपण आहे. कामासाठी ते ज्ञान लागत असेल तर ते कामाच्या वेळेत शिकवलं गेलं पाहिजे.

जुवारी
५ जानेवारी, सकाळी ७:३५

सुरंगीताई, शेवटचा परिच्छेद शंभर टक्के पटला. मधल्याबद्दल थोडं लिहितो.

मी वास्कोचा. सहा वर्षं बंगळुरूत होतो, आता घरून तेच काम करतो. दुसऱ्यांच्या सेवा चालू ठेवणं हाच माझा पेशा. 'आम्ही क्लाउडवर आहोत, आम्हाला लिनक्स लागत नाही' हे वाक्य मला दर महिन्याला ऐकायला मिळतं. कंटेनर चालवणारं डॉकर २०१३ साली आलं, पण त्याच्या पोटात जे आहे ते कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्याआधीच होतं. नेमस्पेसची सुरुवात २००२ साली झाली, सीग्रुप २००८ साली कर्नलमध्ये आले. कंटेनर ही शेवटी साधी प्रोसेसच असते. बाकीचं घर दिसू नये म्हणून तिच्याभोवती नेमस्पेसच्या भिंती घातलेल्या असतात आणि सीग्रुपने मेमरी-सीपीयूचं रेशन ठरवून दिलेलं असतं.

हे माहीत नसलं की काय होतं ते सांगतो. एका टीमची नोडमध्ये लिहिलेली सेवा रोज दुपारी तीनच्या सुमारास पडायची आणि आपोआप उठायची. लॉगमध्ये एक अक्षर नाही. त्यांनी मेमरी ५१२ एमबीवरून १ जीबी केली, मग २ जीबी. महिन्याचं बिल वाढत गेलं, पडणं थांबलं नाही. तीन आठवड्यांनी माझ्याकडे आले. कंटेनरचा एक्झिट कोड, म्हणजे बंद पडताना मागे राहणारा आकडा, १३७ होता. १२८ अधिक ९. नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे कर्नलने थेट मारलं. तो सिग्नल प्रोग्रॅमला पकडताच येत नाही, म्हणून मरताना एक ओळही लिहिता आली नाही. मेमरीचं रेशन ओलांडलं होतं. कारण पुढच्या अर्ध्या तासात सापडलं: दुपारी तीनला हिशेब विभाग महिनाभराचा अहवाल काढायचा आणि कोड आख्खी पीडीएफ मेमरीत धरून ठेवायचा. तुकड्या-तुकड्याने पाठवायला लागल्यावर २५६ एमबी पुरले.

त्या टीममधली माणसं हुशार होती. १३७ हा आकडा त्यांना रोज दिसत होता, पण त्याचा काही अर्थ असतो हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

जावावाल्यांनी हेच दुसऱ्या रूपात भोगलंय. २०१८ साली जावा १० आलं, त्याआधी जावाच्या व्हर्च्युअल मशीनला कंटेनरची मर्यादा आपोआप कळायची नाही. ते पूर्ण यंत्राची मेमरी बघून तिच्या एक चतुर्थांशपर्यंत हीप (प्रोग्रॅमच्या डेटाची मेमरी) वाढू द्यायचं. ६४ जीबीच्या यंत्रावर २ जीबीचा कंटेनर, आणि आतला प्रोग्रॅम १६ जीबीची तयारी ठेवून बसलेला. पुढे ही दुरुस्ती जावा ८ मध्येही आणली गेली.

तेव्हा ताई, ब्राउझर आतून माहीत असणं हे माझ्या दृष्टीने तेवढंच खरं ज्ञान आहे. मी फक्त एवढंच मागतो की आपण ज्या मजल्यावर काम करतो त्याच्या खालचा एक मजला तरी पाहिलेला असावा. तुम्ही तुमच्या खालचा पाहिला आहे. नोडवाल्या टीमने पाहिला नव्हता.

रातांबा
५ जानेवारी, सकाळी ११:२०

मी म्हापशात छोटी कंपनी चालवतो, आठ माणसं. मालकाच्या बाजूने लिहितो.

मुलाखतीत मी लिनक्स विचारत नाही. विचारलं तर माणसंच मिळणार नाहीत. चांगली मुलं पदवी घेतली की पुणे-बंगळुरू गाठतात. आणि मोठ्या कंपन्यांसारखा सर्व्हर सांभाळायला वेगळा माणूस ठेवणं आठ जणांत परवडत नाही. म्हणून मी ठरवलं की जेवढं विकत घेता येईल तेवढं घ्यायचं. डेटाबेस व्यवस्थापित, होस्टिंग व्यवस्थापित, कोड सर्व्हरविना फंक्शनांमध्ये.

दोन वर्षं छान गेली. मग चवथीच्या आदल्या आठवड्यात एका ग्राहकाच्या माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या) सामानाच्या ऑनलाइन दुकानावर गर्दी झाली आणि डेटाबेसने नवीन जोडण्या घेणं बंद केलं. सेवा पुरवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्यात दर जोडणीला सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस उभी राहते आणि मूळ सेटिंगला मर्यादा १०० ची असते. आमची फंक्शनं गर्दीत शेकड्याने उठत होती आणि प्रत्येक जण स्वतःची जोडणी उघडत होता. मध्ये जोडण्या वाटून देणारा पूलर टाकला आणि प्रश्न मिटला. पण तो टाकायला हवा हे कळायला आम्हाला दीड दिवस लागला, आणि चवथीच्या बाजारात दीड दिवस म्हणजे त्या दुकानदाराच्या वर्षाच्या कमाईतला मोठा घास.

विकत घेतलेल्या सेवेने काम कमी होतं, ते मी नाकारत नाही. आजही घेईन. पण तिच्या खाली काय चाललंय हे निदान एका माणसाला कळायला हवं. आठ जणांत तो एक माणूस कोण आणि त्याला वेळ कुठून द्यायचा, हा माझा खरा प्रश्न आहे. ग्राहक पैसे देतो ते नवीन पानाचे, नवीन बटणाचे. शिकण्याच्या तासांचं बिल लावता येत नाही.

खाजन
५ जानेवारी, रात्री ९:०५

धागा चांगला चालला आहे, म्हणून लिहितो. मी सत्ताण्णव सालापासून सर्व्हर सांभाळतोय. तेव्हा पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. अंक हातात पडला की त्या रात्री झोप नसायची. मोडेम चालेना, पडद्याचं रिझोल्यूशन जमेना, साउंड कार्डासाठी कर्नल पुन्हा कंपाइल करायचं. माझ्या पिढीला जे 'ब्रॉड' ज्ञान आहे त्यातलं निम्मं यातून आलं, कारण त्याशिवाय यंत्र चालूच होत नव्हतं. ते आजच्या मुलांकडून मागणं अन्याय होईल. कर्नल कंपाइल करता येत नाही म्हणून कोणी कमी डेव्हलपर ठरत नाही.

पण काही गोष्टी तीस वर्षांत बदललेल्या नाहीत. प्रोसेस म्हणजे काय आणि ती कशी मरते. फाइल म्हणजे काय, तिचं नाव वेगळं आणि ती वेगळी हे. मेमरी कोण खातं. परवानग्या. एका यंत्राकडून दुसऱ्याकडे बाइट कसे जातात आणि नावाचा पत्ता कसा शोधला जातो. घड्याळ. एवढ्यावर पकड असली की बाकीचं गरज पडेल तसं वाचून येतं. परवानगीचा एरर आला की सातशे सत्त्याहत्तर, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, देऊन मोकळं होणारी मुलं मी रोज पाहतो, आणि मला काळजी वाटते. त्यांनी एरर घालवला, पण आता त्या यंत्रावरची कोणतीही प्रोसेस ती फाइल बदलू शकते.

मार्च २०२४ ची गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसचे डेव्हलपर, सुरक्षातज्ज्ञ म्हणून काम करणारे नव्हेत. डेबियनच्या 'सिड' या अस्थिर आवृत्तीवर कामगिरी मोजताना त्यांना दिसलं की एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित शिरायची सोय) लॉगिन नेहमीपेक्षा जास्त सीपीयू खातंय आणि साधारण अर्धा सेकंद उशीर होतोय. कोणीही सोडून दिलं असतं. ते मागे लागले, आणि एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेलं मागचं दार सापडलं. ओपनएसएसएच स्वतः ती लायब्ररी वापरतही नाही. काही वितरणांनी सिस्टिमडीशी, म्हणजे सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमशी, जोडण्यासाठी केलेल्या बदलातून ती आत येत होती. डेटाबेस लिहिणाऱ्या माणसाला लिंकिंग, सीपीयू, लॉगिनचा प्रवास हे सगळं एकमेकांशी जोडता आलं, म्हणून जगभरचे सर्व्हर वाचले. प्रत्येकाने तेवढं खोल जावं असं म्हणत नाही. पण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे ज्याला खटकतं, त्याला आधी नेहमीचं कसं असतं ते माहीत असतं.

माझं घर चोडणला. थोडी खाजन शेती आहे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची जमीन. भरतीला मानशीची (बांधातल्या पाणदाराची) दारं पाण्याच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात, आणि शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर पडतं. शेतकऱ्याला मानस बांधता येत नाही, ते काम जाणकारांचं. पण फळीखालून खारं पाणी झिरपतंय हे त्याला बांधावरून जाताना दिसतं. दिसलं नाही आणि बांध फुटला, तर खारं पाणी आत शिरून पुढचे दोन-तीन हंगाम भात धड येत नाही.

सुरंगी
५ जानेवारी, रात्री ९:४८

खाजनबाब, मानशीचं उदाहरण आवडलं, पण ते माझ्या बाजूचं आहे. माझं माहेर कुंभारजुवेकडचं, आमचीही खाजनं होती. मानस आणि बांध राखायचं काम एकट्या शेतकऱ्यावर कधीच नव्हतं. गांवकरी, म्हणजे गावाची सामायिक संस्था, ते बघायची, त्यासाठी माणूस आणि पैसा राखून ठेवायची. जिथे ती व्यवस्था मोडली तिथे बांध फुटले आणि खाजनं पडीक गेली. शेतकऱ्यांना भरती-ओहोटी कळेनाशी झाली म्हणून काही ते झालं नाही.

आपण इथे प्रत्येक डेव्हलपरला 'तू शीक' म्हणतोय. गांवकरीने काय करायचं ते बोलत नाही.

खाजन
५ जानेवारी, रात्री १०:१५

हे मी या अंगाने पाहिलं नव्हतं. तुमचं बरोबर आहे. मी ज्या कंपनीत शिकलो तिथे मला रात्री यंत्रापाशी बसू द्यायचे आणि सकाळी उशिरा आलं तर चालायचं. तो वेळ मला दिला गेला होता, एवढी वर्षं मी तो स्वतःच्या हौसेच्या खात्यात मांडत आलो.

डिचोलीचा
६ जानेवारी, दुपारी १:३०

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाचून थोडी भीती वाटली. आमच्या वर्गात सगळे म्हणतात की कमांड पाठ करायची गरज नाही, एआय सांगतं. मग नेमकं काय शिकू? आणि पर्वरीकरांना एआयने चुकीचं सांगितलं असं म्हणायचं का?

फोंड्याचा मास्तर
६ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

डिचोलीकर, घाबरू नकोस. मी फोंड्याजवळच्या एका कॉलेजात शिकवतो, तुझ्यासारखी मुलं रोज समोर असतात.

आधी एक निरीक्षण. गेल्या काही वर्षांत येणाऱ्या पुष्कळ मुलांना फाइल कुठे साठली हे सांगता येत नाही. हुशारीचा प्रश्न नाही. ती फोनवर वाढली, आणि फोनमध्ये फोल्डर दिसतच नाहीत. फोटो गॅलरीत असतो, गाणं ॲपमध्ये असतं. गंमत अशी की त्यांच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवरच चालतो. त्यामुळे 'पाथ' म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पूर्वी मी प्रयोगशाळेत कमांडांची यादी द्यायचो. मुलं ती चालवायची, आउटपुट वहीत उतरवायची आणि विसरायची. चार वर्षांपूर्वी यादी बंद केली. आता मी मुद्दाम बिघडवलेलं व्हर्च्युअल मशीन देतो आणि एवढंच सांगतो, वेबसाइट चालत नाही, कारण शोधा. एकात दुसरंच काहीतरी ८० नंबरचं पोर्ट अडवून बसलेलं असतं. एकात वेब सर्व्हरला फोल्डर वाचायची परवानगी नसते. एकात डीएनएसचा पत्ता चुकीचा, म्हणजे आयपी आकड्याने सगळं चालतं आणि नावाने काही नाही. एकात मी घड्याळ पाच वर्षं मागे नेतो. मग सुरक्षित जोडणी प्रत्येक ठिकाणी नाकारली जाते, कारण समोरच्याचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. हे मशीन मुलांना सर्वात जास्त वेळ छळतं. पण ज्याने ते एकदा सोडवलं तो पुढे कधीही प्रमाणपत्राचा एरर पाहिला की आधी तारीख बघतो.

एआय वापरायला पूर्ण मुभा आहे. मी पाहिलंय ते असं: 'वेबसाइट चालत नाही' असं विचारणारा गट दोन तास उत्तरांची यादी आजमावत बसतो. 'पिंग चालतं, पोर्ट उघडं आहे, पण नावाने पत्ता मिळत नाही' असं विचारणाऱ्याला दोन मिनिटांत उत्तर मिळतं. साधन दोघांचं एकच.

जुवारी
६ जानेवारी, रात्री ८:१०

मास्तर, हे मशीन आम्हालाही द्या.

डिचोलीच्या मित्राला: एआयने चुकीचं सांगितलं नाही. 'डिस्क भरली' असं सांगितल्यावर कोणताही शहाणा माणूस तेच सांगेल. पर्वरीकरांच्या प्रश्नातच निष्कर्ष होता. त्यांनी मूळ ओळ आणि डीएफचं आउटपुट दोन्ही तसंच्या तसं देऊन 'या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतील' असं विचारलं असतं, तर आयनोड बहुतेक पहिल्या तीन कारणांत आला असता.

मी एक सवय लावून घेतली आहे, घे तूही. काहीही बिघडलं की पहिली दहा मिनिटं फक्त बघणाऱ्या कमांड. पुसणारी, बदलणारी, रीस्टार्ट करणारी एकही नाही. जे दिसतं ते एका फाइलीत उतरवत जायचं. एआयने दिलेल्या कमांडीत काय बदलणार आहे हे वाक्यात सांगता येत नसेल तर ती चालवायची नाही.

रातांबा
६ जानेवारी, रात्री ९:३०

सुरंगीताईंचं गांवकरीचं वाक्य दिवसभर डोक्यात होतं. आज हिशेब मांडला. माझ्याकडे पाच डेव्हलपर. आठवड्याला दोन तास दिले तर महिन्याला चाळीस तास, म्हणजे एका माणसाचा एक आठवडा. महाग आहे. पण चवथीच्या वेळचा दीड दिवस पाच माणसांनी घालवला होता, म्हणजे साठ तास, आणि ग्राहकाचं नुकसान वेगळं. शुक्रवारी दुपारी तीन ते पाच, कामाच्या वेळेत, मार्चपर्यंत करून बघतो. मास्तर, तुमच्या मशीनसाठी व्यनि (खासगी निरोप) करतो.

पर्वरीकर
६ जानेवारी, रात्री १०:०२

रातांबा, आम्ही सहा जण तुमच्यात आलो तर? साहेबांशी बोललो, ते हो म्हणाले. मास्तरांचं एकच मशीन दोन्ही कंपन्यांना पुरेल.

पर्वरीकर
१८ जानेवारी, सकाळी १०:४५

खाजनबाब, मदत हवी आहे. परवा दुसरा शुक्रवार झाला. आमच्याकडची सगळ्यात नवीन मुलगी, जिला रुजू होऊन पाच महिने झालेत, तिने खऱ्या सर्व्हरवर फक्त बघणाऱ्या कमांड चालवल्या आणि तिला काहीतरी खटकलं. डीयू या फाइलींची जागा मोजणाऱ्या कमांडने सगळ्या फोल्डरांची बेरीज केली तर साडेतीन जीबी येते. डीएफ म्हणतं साडेसहा जीबी वापरलेत. आयनोड या वेळी व्यवस्थित आहेत. मधले ३ जीबी कुठे गेले? सर्व्हर रीस्टार्ट करून बघायचा विचार होता, पण जुवारींची दहा मिनिटं आठवली म्हणून थांबलो.

खाजन
१८ जानेवारी, सकाळी ११:०६

थांबलात ते फार चांगलं केलंत. रीस्टार्ट अजिबात करू नका.

फाइलीचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी असं मी वर म्हटलं होतं, ते हेच. आरएम फक्त नाव काढतं. एखाद्या प्रोसेसने ती फाइल उघडी धरलेली असेल तर आयनोड आणि जागा दोन्ही तशीच राहतात. डीयू नावांवरून बेरीज करतं, म्हणून त्याला ती दिसत नाही. डीएफला दिसते. २८ डिसेंबरच्या रात्री तुम्ही लॉग पुसला होतात ना? एलएसओएफ या उघड्या फाइली दाखवणाऱ्या कमांडला अधिक चिन्ह, कॅपिटल एल आणि एक लावून चालवा. नाव नसलेल्या पण उघड्या फाइलींची यादी मिळेल. तुमचा लॉग लिहिणारी प्रोसेस तेव्हापासून रीस्टार्ट झाली नसेल तर ती त्यात असेल. मग प्रोक फोल्डरात त्या प्रोसेसच्या नंबराखाली एफडी नावाचं फोल्डर आहे, त्यातल्या योग्य आकड्याची फाइल सीपीने दुसरीकडे कॉपी करा. कॉपी नीट उघडते हे बघा, आणि मगच प्रोसेस रीस्टार्ट करा.

सुरंगी
१८ जानेवारी, दुपारी १२:२०

हे मला माहीत नव्हतं. पर्वरीकर, काय मिळालं ते नक्की लिहा. आणि शुक्रवारच्या बैठकीला बाहेरच्या कोणाला ऑनलाइन येता येतं का? तीन ते पाच मुलं शाळेनंतरच्या वर्गाला असतात, मला जमेल. बदल्यात एका शुक्रवारी ब्राउझरच्या आत काय चालतं ते मी दाखवीन. तुमचं बुकिंगचं पान मी फोनवर उघडून पाहिलं, त्यात दाखवण्यासारखं बरंच आहे.

पर्वरीकर
१८ जानेवारी, दुपारी ३:१५

मिळाला! ३ जीबीचा आख्खा लॉग, पुसलेला, जसाच्या तसा. आमच्या पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामांची प्रोसेस तो धरून बसली होती, त्या रात्री आम्ही फक्त वेब सर्व्हर रीस्टार्ट केला होता.

'जागा शिल्लक नाही' ही पहिली ओळ २८ डिसेंबरच्या पहाटे ३:०४ ची आहे. रोज पहाटे हॉटेलांचे अहवाल बनतात, त्यासाठी सहा-सात हजार तात्पुरत्या फाइली लागतात. तेवढे आयनोड तेव्हाच उरले नव्हते. काम अर्धवट सोडून प्रोसेसने आपल्या फाइली पुसल्या, आणि वेबसाइट आणखी साडेअठरा तास चालत राहिली. पहाटे तीनला लिहिलेली ती ओळ वाचणारं कोणी नव्हतं. आजपासून जागा आणि आयनोड दोन्ही ८० टक्क्यांवर गेले की सगळ्यांच्या फोनवर संदेश येईल असं लावलंय. संदेश पोचतो हेही तपासलं.

सुरंगीताई, २३ तारखेच्या बैठकीचा दुवा व्यनिने पाठवला आहे. ब्राउझरचा शुक्रवार ३० तारखेला धरू का?